अलास्काचा मासा आणि बॉम्बची राख

गेल्या महिन्यात आमच्या पिस्कॅटवेत एका घरी मलिदा होता. जेवणे आटोपली, पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत गप्पांना बसली आणि स्वयंपाकघरात भांडी आवरता आवरता घरच्या सूनबाईने मला हळूच बाजूला घेतले. तिला पाचवा महिना चालू आहे. ठाण्याहून सासूबाई बाळंतपणासाठी आधीच येऊन राहिल्या आहेत. आल्या आल्या त्यांनी फ्रीझर उघडला, त्यातली कॉड आणि पोलॉकची पाकिटे काढली आणि थेट कचऱ्याच्या डब्यात टाकली. कारण एकच. पाकिटांवर ‘अलास्का’ असे छापले होते.

“मावशी, तुम्ही मासिकात आरोग्याचं लिहिता ना? मग आईंना सांगा काहीतरी,” सूनबाई म्हणाली.

तेवढ्यात सासूबाईच दारात आल्या. “काय सांगणार त्या? अमेरिकेने तिकडे अणुबॉम्ब फोडले होते, मी टीव्हीवर पाहिलंय. बॉम्बचं विष काय चार दिवसांत जातं? पोटात मूल आहे. नाही खाल्ला मासा तर काय बिघडतं?”

ज्या घरात शुक्रवारी नारळाच्या रसातली मासळी नसेल तर जेवल्यासारखे वाटत नाही, त्या घरात दोन महिने मासा शिजला नव्हता. मी तेव्हा एवढेच म्हटले की मला आठवडाभर द्या, नीट वाचून सांगते.

सासूबाईंचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, कारण त्यातले अर्धे खरे आहे. अलास्काच्या एका बेटावर अमेरिकेने खरोखरच तीन अणुबॉम्ब फोडले. उरलेल्या अर्ध्याचे उत्तर ज्यांनी शोधले, त्यांतले प्रमुख लोक त्या स्वयंपाकघरापासून गाडीने दहा मिनिटांवर, रटगर्स विद्यापीठाच्या बुश कॅम्पसवर काम करत होते. त्या बेटाजवळचे मासे गोठवून इथे पिस्कॅटवेला आणले होते, हे वाचले तेव्हा मीच चकित झाले. त्या रस्त्याने मी कितीदा गेले असेन!

पण बॉम्ब आणि मासा यांची गाठ त्याच्याही पन्नास वर्षे आधी पडली होती. तिथून सुरुवात करू.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर १५ मेगाटनचा बॉम्ब फोडला. हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट. प्रवाळाचे बेट भाजून निघाले आणि त्याची पांढरी राख दूरवर एका जपानी मासेमारी बोटीवर बर्फासारखी पडत राहिली. बोटीवर २३ खलाशी होते. दोन आठवड्यांनी बोट याइझू बंदराला लागली तेव्हा सगळे आजारी होते. त्यांतला रेडिओ चालवणारा आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारला. बोटीवरचा ट्यूना मात्र तोवर बाजारात गेला होता. टोकियोच्या त्सुकिजी बाजारात पोचलेले मासे खड्डा करून पुरून टाकावे लागले.

पुढे ते वर्षभर जपानच्या बंदरांत मासळी उतरवताना गायगर काउंटर लावला जाई. हे यंत्र किरणांची टिकटिक मोजते. माशापासून १० सेंटिमीटरवर धरून मिनिटाला शंभराहून जास्त टिकटिक झाली की मासा फेकायचा, असा नियम होता. आठशेहून जास्त बोटींचे मासे असे फेकले गेले. डिसेंबरअखेर ही तपासणी बंद झाली.

या तपासणीत एक मोठी उणीव होती. यंत्र बाहेरून धरले की कातडीला लागलेली धूळ कळते. माशाच्या आतड्यात, मांसात, काट्यात किती शिरले, म्हणजेच माणूस प्रत्यक्ष काय गिळणार, ते त्यातून नीट कळत नाही. आजही काहीजण ऑनलाइन गायगर काउंटर मागवून कोळंबीवर आणि सुरमईवर फिरवतात आणि तसला व्हिडिओ घरोघरी पाठवतात. त्यातल्या टिकटिकीपैकी बहुतेक जमिनीतून, भिंतीतून आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणांची असते. मासा टेबलावर असो वा नसो, ती चालूच राहते.

बिकिनीच्या त्याच राखेखाली माणसेही सापडली होती. शेजारच्या राँगेलॅप बेटावरच्या लोकांना दोन दिवसांनी हलवले. १९५७ मध्ये ‘आता धोका नाही’ असे सांगून परत नेले. डॉक्टर दरवर्षी येत, रक्त नेत, लघवी नेत, गळा चाचपून पाहत. बेटावरच्या मुलांना थायरॉइडच्या गाठी होऊ लागल्या. अखेर १९८५ मध्ये लोकांनी स्वतःच बेट सोडले. मोजमाप तिथे भरपूर झाले, पण ज्यांचे मोजमाप झाले त्यांचा मोजणाऱ्यांवर विश्वास उरला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बॉम्ब फुटला की त्यातून शेकडो प्रकारचे किरणोत्सारी अणू तयार होतात. मोठ्या स्फोटात ते वर, ढगांच्याही पार जातात, पृथ्वीभर फिरतात आणि महिनेच्या महिने पावसाबरोबर खाली येत राहतात. यालाच इंग्रजीत फॉलआउट म्हणतात, आपण किरणोत्सारी धूळ म्हणू. आरोग्याच्या दृष्टीने तिच्यातल्या तिघांची नावे पुरेत. आयोडीन-१३१ गवतावर पडते, गाय ते खाते, दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये जाते. ते दर आठ दिवसांनी निम्मे होते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच त्याची भीती. स्ट्रॉन्शियम-९० हा कॅल्शियमचा तोतया. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत आणि दातांत बसवते. सीझियम-१३७ हा पोटॅशियमचा तोतया, तो मांसात जातो. या दोघांना निम्मे व्हायला प्रत्येकी सुमारे तीस वर्षे लागतात. म्हणजे ‘चार दिवसांत जातं का?’ या सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे, की १९६३ च्या सुमारास पडलेल्या सीझियमपैकी आज साधारण पाव हिस्सा उरला आहे. गेले नाही, पण तेवढेही राहिले नाही.

ही धूळ मोजायचे पहिले मोठे काम आमच्या अंगणातच झाले. न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाची आरोग्य व सुरक्षा प्रयोगशाळा होती. तिने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अगदी साधी युक्ती काढली. फूटभर लांब, फूटभर रुंद चिकट कागद उघड्यावर चोवीस तास ठेवायचा, जे चिकटेल ते जाळून त्याची राख करायची आणि त्या राखेची किरणे मोजायची. हवामान खात्याच्या केंद्रांतून असे कागद रोज टपालाने येत.

तरी धोका नेमका कागदावर पडणार नाही तिथे उभा राहतो. २५ एप्रिल १९५३ ला नेवाडाच्या वाळवंटात एक चाचणी झाली. तिचा ढग तीन हजारांहून जास्त किलोमीटर पूर्वेला गेला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावावर नेमके वादळी पावसात सापडून धुऊन खाली आला. तिथल्या पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांची यंत्रे अचानक जोरात वाजू लागली. सरकारी जाळ्याने नव्हे, हर्बर्ट क्लार्क या प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यांनी तो पाऊस पकडला. बॉम्ब कुठे फुटला यापेक्षा त्या दिवशी पाऊस कुठे पडला याला जास्त महत्त्व असते, हे तेव्हा नीट समजले.

आपल्याकडे भारतातही याची कुजबुज नव्हे, उघड चर्चा होती. बिकिनीच्या स्फोटानंतर महिन्याभरातच, २ एप्रिल १९५४ ला, पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. १९५६ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी अणुस्फोटांच्या परिणामांवर सरकारतर्फे पुस्तक काढले, त्याला नेहरूंची प्रस्तावना आहे. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९५५ मध्ये किरणोत्साराच्या परिणामांसाठी शास्त्रीय समिती नेमली, त्या १५ देशांत भारत होता आणि भारताचे प्रतिनिधी होते मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्राचे डॉ. वसंत रामजी खानोलकर. इकडे ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रातले लोक मुंबईची हवा आणि पावसाचे पाणी तपासत, त्यांचे आकडे या समितीकडे जात. आपल्यापैकी जे तेव्हा भायखळ्यात, माझगावात पावसात भिजत शाळेत जात होते, त्यांच्या डोक्यावरच्या पावसाचाही हिशेब कुणीतरी ठेवत होते.

माणसाच्या शरीरात काय गेले हे कळायला सर्वांत सुंदर युक्ती मात्र सेंट लुइस शहरातल्या लोकांनी काढली. १९५८ च्या अखेरीस डॉ. लुईझ राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबापांना आवाहन केले, की मुलांचे पडलेले दुधाचे दात आम्हाला पाठवा. दात हा कॅल्शियमचा, म्हणून त्यात स्ट्रॉन्शियम बसलेले सापडणार, आणि मूल कधी जन्मले हे माहीत असले की कोणत्या वर्षी किती शिरले तेही कळणार. कुणाला सुई टोचायची नाही, कुणाचे रक्त काढायचे नाही. दात देणाऱ्या मुलाला छातीवर लावायला बिल्ला मिळे. १९७० पर्यंत तीन लाखांहून जास्त दात जमले. १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत १९५० मधल्या मुलांपेक्षा सुमारे ५० पट स्ट्रॉन्शियम निघाले. आपण दात उशाखाली ठेवतो किंवा कौलावर फेकतो, या लोकांनी त्याचा साक्षीदार केला.

दाताचे मोजमाप चिकाटीचे असते. स्ट्रॉन्शियम-९० ची किरणे इतकी दुबळी, की ती नमुन्याच्या बाहेर नीट येतच नाहीत. म्हणून दात किंवा हाड भाजून राख करायची, ती आम्लात विरघळवायची, त्यातले स्ट्रॉन्शियम रसायनांनी वेगळे काढायचे आणि मग दोन आठवडे थांबायचे. तेवढ्यात त्याच्यापासून यिट्रियम-९० नावाचे अपत्य तयार होते, त्याची किरणे जोरकस असतात. ती मोजून बापाचा हिशेब काढतात. सीझियम सोपे, ते थेट यंत्राला दिसते.

आणि यंत्रावर यंत्राचा वाद झाला तर? जपानच्या कात्सुको सारुहाशी या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या समुद्राच्या पाण्यात सीझियम मोजले, ते अमेरिकी आकड्यांपेक्षा बरेच जास्त निघाले. अमेरिकी शास्त्रज्ञ म्हणाले, तुमची पद्धत चुकली असेल. सारुहाशी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेत गेल्या, तिथे दोन्ही पद्धती समोरासमोर लावून पाहिल्या आणि त्यांची पद्धत चोख ठरली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत समजूतदार प्रसंग हाच. भांडण्यापेक्षा एकच पाणी दोघांनी मोजावे.

५ ऑगस्ट १९६३ ला अमेरिका, रशिया आणि ब्रिटनने करार केला, की हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात चाचण्या करायच्या नाहीत. धूळ लगेच कमी होऊ लागली. संयुक्त राष्ट्रांच्या त्या समितीच्या हिशेबाने १९६३ मध्ये जगातल्या माणसाला या धुळीपासून वर्षाला सरासरी ०.११ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळत होती, आता ती ०.००५ च्या आसपास आहे. निसर्गाकडून, म्हणजे माती, हवा, आकाश आणि अन्न यांतून, आपल्याला दरवर्षी सरासरी २.४ मिळते. फ्रान्स आणि चीन करारात नव्हते. चीनने हवेतली शेवटची चाचणी १९८० मध्ये केली. त्यांच्या सप्टेंबर १९७६ च्या चाचणीची धूळ ऑक्टोबरच्या पावसाबरोबर इथे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पडली होती आणि दुधात आयोडीन सापडले होते.

करारात एक दार मात्र उघडे ठेवले होते. जमिनीखाली बॉम्ब फोडायला मनाई नव्हती. म्हणून अम्चिटका.

नकाशात अलास्काची शेपटी पाहा. एल्यूशियन बेटांची ती माळ आशियाकडे वळत जाते, तिच्या पश्चिमेकडच्या भागात सत्तर किलोमीटरच्या आत लांबीचे हे चिंचोळे, ओसाड बेट आहे. तिथे अमेरिकेने जमिनीखाली तीन चाचण्या केल्या : १९६५, १९६९ आणि ६ नोव्हेंबर १९७१. शेवटचीचे नाव कॅनिकिन. सुमारे १,८०० मीटर खोल विहिरीत जवळजवळ ५ मेगाटनचा बॉम्ब. अमेरिकेने जमिनीखाली फोडलेला सर्वांत मोठा. ती थांबवावी म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी नकार दिला आणि काही तासांत स्फोट झाला. वरची जमीन खचून तिथे तळे झाले, ते अजून आहे. कॅनडातून ही चाचणी रोखायला निघालेल्या बोटीतूनच पुढे ग्रीनपीस संघटना उभी राहिली.

स्फोटाचे सगळे अवशेष खाली खडकात वितळून अडकलेले आहेत. ते बाहेर काढता येत नाहीत. भूजल त्यांना हळूहळू समुद्राकडे नेईल का, कधी नेईल, हा प्रश्न उरला. त्यात हा सगळा भाग भूकंपाचा. १९६५ मध्येच तिथे ८.७ रिश्टरच्या घरातला भूकंप झाला होता. १९९६ मध्ये ग्रीनपीसने गळती होत असल्याचा दावा केला. सरकारचे ऊर्जा खाते म्हणत होते की आमची गणिते सांगतात, धोका नाही. त्या बेटांवरचे मूळ रहिवासी, उनंगान लोक, म्हणत होते की गणित नको, आमच्या ताटातला मासा मोजा. राँगेलॅपची आठवण त्यांनाही असणारच.

इथे पिस्कॅटवेची मंडळी येतात. रटगर्सच्या जीवशास्त्रज्ञ जोआना बर्गर आणि पर्यावरण व व्यावसायिक आरोग्य संस्थेचे डॉ. मायकेल गॉचफेल्ड हे क्रेस्प नावाच्या विद्यापीठांच्या संघात होते. ऊर्जा खाते, अलास्का राज्य, वन्यजीव खाते आणि उनंगान लोकांची संघटना या सगळ्यांना एका टेबलावर बसवून आधी ठरवले, की काय मोजायचे. मग २००४ च्या उन्हाळ्यात बोटी निघाल्या. शास्त्रज्ञांबरोबर उनंगान शिकारी आणि मच्छीमारही होते. घरी खायला ते जसे पकडतात तसेच त्यांनी पकडले. पाणबुडे बर्फासारख्या पाण्यात उतरून स्फोटाच्या जागेलगतच्या तळातून वस्तू काढत होते. एका संशोधकाने व्यापारी पद्धतीने जाळे ओढणाऱ्या बोटीवरून मासे गोळा केले, कारण आपल्या पाकिटातला मासा तसाच येतो.

काय काय गोळा केले? समुद्रशेवाळ, शिंपले, ऑक्टोपस, कॉड, हॅलिबट, आटका मॅकरेल, पोलॉक, कुरव पक्षी आणि त्यांची अंडी, आयडर बदके. यातल्या अर्ध्या गोष्टी आपल्या घरात शिजत नाहीत, पण तपासात त्यांचे काम वेगळे होते. शेवाळ जागा सोडून जात नाही, म्हणून गळती नेमकी कुठे आहे हे ते सांगते. मोठा कॉड लहान मासे खाऊन जगतो, म्हणून अन्नसाखळीत काय साठत गेले ते तो सांगतो. आणि हेच सगळे पश्चिमेच्या किस्का बेटावरूनही गोळा केले, जिथे एकही चाचणी झालेली नाही. सीझियम तर जगभरच्या धुळीमुळे सगळीकडेच थोडे आहे. नुसत्या अम्चिटकाच्या आकड्याला अर्थ नाही. किस्कापेक्षा तो जास्त आहे का, एवढाच खरा प्रश्न.

नमुने गोठवून पिस्कॅटवेला आले. इथे ते कापून, वाटून, एकजीव करून पुढे व्हँडरबिल्ट विद्यापीठ आणि आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत मोजायला गेले. थोड्या मांसात काही दिसत नाही, म्हणून मोठा नमुना घेऊन यंत्राखाली बराच काळ ठेवावा लागतो. ‘सापडले नाही’ या दोन शब्दांचा अर्थ, किती बारकाईने शोधले यावर ठरतो. हे मधुमेहाच्या किंवा थायरॉइडच्या रिपोर्टालाही लागू आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

अहवाल ऑगस्ट २००५ मध्ये आला. अम्चिटकाहून गळती होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. माशांतले सीझियम किलोमागे सरासरी एका बेकरेलच्याही खाली होते. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे. तुलनेसाठी : फुकुशिमानंतर जपानने खाद्यपदार्थांसाठी किलोला १०० बेकरेलची मर्यादा घातली, अमेरिकेची १,२०० आहे. कोणत्याही किलोभर माशात निसर्गाचे पोटॅशियम-४० शंभर बेकरेलच्या आसपास असतेच आणि तुमच्याआमच्या शरीरात ते चार हजारांहून जास्त आहे. सापडलेल्यांत सीझियम जास्त होते ते डॉली वॉर्डन नावाच्या माशात. तो गोड्या पाण्यातही राहतो. समुद्रात पोटॅशियम मुबलक, म्हणून माशाला तोतयाची गरज पडत नाही. गोड्या पाण्यात पोटॅशियम कमी, म्हणून सीझियम जास्त उचलले जाते. ते सीझियमही बेटाखालच्या बॉम्बचे नव्हे, १९६३ च्या सुमारास आकाशातून पडलेल्या जुन्या धुळीचे.

अहवालात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, की आज गळती नाही म्हणजे उद्या होणार नाही असे नव्हे, पुढेही ठरावीक वर्षांनी मोजत राहा. खडकातल्या प्लुटोनियमला निम्मे व्हायला २४,००० वर्षे लागतात.

आता सूनबाईचे. बर्गर आणि गॉचफेल्ड यांनी त्याच माशांत पाराही मोजला. त्यांचा खरा अभ्यास त्यातलाच. मोठ्या, वयस्क माशात पारा जास्त साठतो आणि गर्भाच्या मेंदूला तो खरोखर घातक आहे. न्यू जर्सीच्या दुकानांतले ट्यूनाचे डबे तपासून त्यांनी २००४ मध्येच दाखवले होते, की ‘व्हाइट’ ट्यूनात पाऱ्याचे प्रमाण सरासरी दहा लाखांत ०.४०७ होते, ‘लाइट’ मध्ये ०.११८. म्हणजे साडेतीनपट. बॉम्बच्या भीतीने कॉड फेकून देणाऱ्या घरात व्हाइट ट्यूनाचे डबे रांगेत असतील, तर काळजी उलट्या जागी चालली आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा गरोदर बाईला सल्ला असा, की आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम कमी पाऱ्याचा मासा जरूर खावा. बाळाच्या मेंदूला तो हवा असतो. कॉड, अलास्का पोलॉक, रावसासारखा सामन, तारलीसारखे सार्डिन हे चांगल्या यादीत आहेत. टाळायच्या यादीत शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन, बिगआय ट्यूना आणि किंग मॅकरेल. हा किंग मॅकरेल अटलांटिकमधला आपल्या सुरमईचा भाऊबंद आहे. म्हणून एडिसनच्या देशी दुकानातली मोठी सुरमई गरोदरपणात रोज नको. बांगडा बरा. मासा पूर्ण शिजलेला हवा. आणि कुणी सांगितले म्हणून आयोडीनच्या गोळ्या घरी आणून घेऊ नयेत. त्या फक्त प्रत्यक्ष अणुदुर्घटनेच्या वेळी, सरकारी सूचनेनंतर घ्यायच्या असतात. एरवी त्यांनी थायरॉइड बिघडू शकते, आईचे आणि बाळाचेही.

हे सगळे मी त्यांच्या घरी जाऊन सांगितले. सासूबाईंनी मध्ये न बोलता ऐकले. मग विचारले, “त्या बेटांवरच्या गावांतल्या बायका काय खातात?”

“हॅलिबट, कॉड. त्यांचीच माणसं त्या बोटीवर होती ना.”

त्या जरा वेळ गप्प बसल्या. सूनबाईने आदल्या दिवशी आणलेले नवे पाकीट फ्रीझरमधून काढून समोर ठेवले होते. ते त्यांनी हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले.

“कॉडला खवले असतात का गं?”

“बारीक असतात,” मी म्हटले, “पण असतात.”